मुंबईहून सहा हजार मीटरवर: पहिल्या शिखर मोहिमेची तयारी, टप्प्याटप्प्याने

मे महिना लागला की ठरलेली विचारणा सुरू होते. "जुलैत लडाखचं कांग यात्से शिखर करतोय, बूट कुठले घेऊ?" बुटांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो बऱ्याच नंतर येतो. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हातात दिवस किती आहेत? मुंबईची माणसं समुद्रसपाटीवर राहतात, त्यांच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, पण रजा ती मोजून घेतात. त्यामुळे मोहिमेतले दिवस कापले जातात आणि बहुतेक मोहिमा तिथेच फसतात. बूट, दोर, दम या सगळ्याची भरपाई थोडीफार करता येते. कमी पडलेल्या दिवसांची करता येत नाही.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या, पण बर्फावर पहिल्यांदाच आणि गाइडसोबत जाणाऱ्या माणसासाठी हे लिहिलं आहे.

## टप्पा १: शिखर निवडण्याआधी दिवस मोजा

दहा दिवसांची रजा, तिच्या आधीचा, मधला आणि नंतरचा शनिवार-रविवार धरला की सोळा दिवस होतात. लडाखमधल्या सहा हजारी शिखरासाठी एवढे लागतातच. सहा दिवसांच्या रजेत बसवलेला कार्यक्रम कोणी दाखवला तर त्यात काय वगळलं आहे ते बघा. बहुतेक वेळा लेहमधला मुक्काम आणि राखीव दिवस वगळलेले असतात.

कांग यात्से-२ चा (सुमारे ६,२५० मीटर) हिशोब असा बसतो. पहिले तीन दिवस लेहमध्ये, ३,५०० मीटरवर. मग चिलिंग-स्क्यूकडून मरखा खोऱ्यात शिरून मरखा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग अशी चढण. नंतर पाच हजार मीटरच्या आसपासचा बेस कॅम्प, तिथे एक पूर्ण दिवस दोराचा सराव आणि आराम, मग शिखराचा दिवस. त्यापुढे खराब हवेसाठी किमान एक राखीव दिवस, कोंगमारू ला ही खिंड ओलांडून परत लेह, आणि विमानाआधी आणखी एक मोकळा दिवस. हांकरहून थेट निमालिंग गाठणारे कार्यक्रम सर्रास दिसतात. एका दिवसात मुक्कामाची उंची सात-आठशे मीटरने वाढते आणि डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

लक्षात ठेवायचा नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलात तर उत्तमच.

सावधान: मनाली-लेह रस्त्यावरचं युनाम (६,१११ मीटर) नकाशावर सोपं वाटतं, कारण गाडी जवळपास पायथ्यापर्यंत जाते. धोका नेमका तिथे आहे. अटल बोगद्यामुळे मनालीहून लाहौल आता काही तासांवर आलं, आणि त्याच दमात पुढे युनामच्या पायथ्याच्या भरतपूरला पोचलात तर शरीराला काही कळायच्या आत तुम्ही साडेचार हजारांच्या वर असता. वाटेत लाहौलमधल्या जिस्पाला दोन रात्री काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी. लेहजवळचं स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये चढाईसाठी बंद करण्यात आलं, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बेत आखू नका. आणि कांग यात्से नावाची दोन शिखरं आहेत. एक नंबरचं ६,४०० मीटरचं, तांत्रिक आणि अवघड. पैसे भरताना कागदावर "दोन" लिहिलं आहे ना, ते बघा.

बर्फावर कधीच पाय ठेवला नसेल तर मी आधी मनालीजवळचं फ्रेंडशिप (५,२८९ मीटर) सुचवेन. पंचवीस-तीस दिवस काढता येत असतील तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट इथला बेसिक कोर्स त्याहून कितीतरी चांगला. तिथे दोर, बर्फ आणि शिस्त तिन्ही अंगी मुरतात.

## टप्पा २: आयोजकाला प्रश्न विचारा

फोटो आणि "शिखर यशस्वी"ची टक्केवारी बाजूला ठेवा. फोन करा आणि हे विचारा.

शिखराच्या रात्री किती जणांमागे एक गाइड? दोघा-तिघांमागे एक हे उत्तर चांगलं. आठ जणांमागे दोन असं उत्तर आलं तर हिशोब करून बघा: एकाला उतरवायला एक गाइड खाली गेला की वरच्या सात जणांपाशी एकच उरतो. मग आजारी माणसाला "थोडा वेळ बस, आम्ही येतोच" असं सांगितलं जातं. हे कधीही मान्य करू नका.

गाइडचं प्रशिक्षण काय, कोर्स कुठला? हा डोंगर त्याने स्वतः केला आहे का? बेस कॅम्पला ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचर असतं का? रात्री दोन वाजता कोणी आजारी पडलं तर खाली कसं नेणार, जवळचा गाडीरस्ता किती तासांवर? परवानगी कोणाच्या नावावर, तिची प्रत मिळेल का? स्वयंपाकी, खेचरवाले आणि मदतनीस यांचा विमा आहे का? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, तो तुमच्याही बाबतीत तसाच वागेल, हे माझं स्पष्ट मत आहे.

तपासा: मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा? "तुम्ही म्हणाल तसं" हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण चुकीचं आहे. तो निर्णय गाइडचा असला पाहिजे आणि तुम्ही तो घरूनच मान्य करून निघायला हवं.

## टप्पा ३: डॉक्टर, दात आणि विमा

किमान तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्या. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर ट्रेडमिल टेस्टबद्दल विचारा. मुंबईत लोकल पकडण्याच्या धावपळीत रक्तदाब वाढलेला कळतच नाही, वर गेल्यावर कळतो. दातांच्या डॉक्टरांकडेही जा. अर्धवट किडलेली दाढ पाच हजार मीटरवर रात्रभर ठणकते आणि तिथे तिच्यावर इलाज नसतो.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणतो ती गोळी, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त जावं लागतं. म्हणून एकदा मुंबईतच घेऊन बघा, म्हणजे वर तंबूत घाबरायला होणार नाही. गोळी घेतली म्हणून दिवस कापता येतात, असं मात्र अजिबात नाही.

विम्याचं कलम नीट वाचा. नेहमीच्या आरोग्य विम्यात दोर लावून केलेली चढाई बऱ्याचदा वगळलेली असते. किती मीटरपर्यंत संरक्षण आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे का, हे लेखी घ्या.

## टप्पा ४: मुंबईतला सराव

आधी एक गैरसमज. तोंडाला लावायचे ते "उंचीचे मास्क" घालून मरीन ड्राइव्हवर धावल्याने शरीर उंचीला तयार होत नाही. मुंबईत उंचीची तयारी करताच येत नाही. इथे तयार करायचे ते पाय, पाठ आणि तासन् तास न थांबता चालण्याची सवय.

सहा महिने हातात ठेवा. आठवड्यातून चार दिवस पाऊण ते दीड तास, बोलता येईल अशा वेगाने चाला, धावा किंवा सायकल चालवा. धापा टाकत धावणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि वर गेल्यावर तेच आधी अडखळतात, कारण त्यांना हळू चालता येत नाही.

पाचवा दिवस जिन्याचा. दहा-पंधरा मजल्यांची इमारत मिळाली तर सोनं. सॅकमध्ये आठ किलोपासून सुरुवात करा, महिन्याला थोडं वाढवत बारापर्यंत न्या. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा. गुडघे कुरकुरत असतील तर वर पोचल्यावर पाणी ओतून रिकामी सॅक घेऊन उतरा. गुडघे ठीक असतील तर वजनासह उतरा, कारण मोहिमेत पाय मोडकळीला येतात ते उतरताना. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या फेरीला चौकशी होणारच.

दर दुसऱ्या रविवारी डोंगर. आसनगावहून माहुली, किंवा बारी गावातून कळसूबाई. कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, पण उंचीपेक्षा तिथली सलग चढण कामाची. शेवटच्या दोन महिन्यांत एकदा तरी लागोपाठ दोन दिवस आठ-आठ तास चाला. शनिवारी थकलेल्या पायांनी रविवारी पुन्हा निघणं, हीच शिखराच्या रात्रीची सर्वांत जवळची तालीम.

सावधान: लडाखचा हंगाम आणि आपला पावसाळा एकाच वेळी येतात. जुलै-ऑगस्टची मोहीम असेल तर शेवटचे काही आठवडे शेवाळलेल्या वाटांवर जातात. धबधबे आणि निसरडे कातळटप्पे तेवढ्यापुरते विसरा. निघायच्या पंधरा दिवस आधी घोटा मुरगळला की सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. शेवटचा आठवडा हलका ठेवा. सर्दी-खोकला झाला असेल तर तो घेऊन वर जाऊ नका.

## टप्पा ५: सामान

आता बूट. माळ्यावर चार वर्षं पडलेले बूट बाहेरून धडधाकट दिसतात. हातात घेऊन अंगठ्याने तळव्याच्या मधल्या थरावर जोरात दाबा आणि बूट वाकवून बघा. मुंबईच्या दमट हवेत तो पॉलियुरेथेनचा थर आतून कुजतो. आधी बारीक भेगा दिसतात, नखाने खरवडलं तर चुरा निघतो, आणि मग तिसऱ्या दिवशी अख्खा सोल सुटून लोंबतो. भेग दिसली तर ते बूट नेऊ नका. नवे घेतले तर किमान दोन महिने वापरा.

बर्फाचे दुहेरी बूट विकत घेण्याची गरज नाही, लेह-मनालीत भाड्याने मिळतात. तिथे जाडे मोजे घालूनच माप बघा. जिना उतरताना अंगठा पुढे आपटला तर एक माप मोठं घ्या. भाड्याचे क्रॅम्पॉन (बर्फात रुतावेत म्हणून बुटांखाली बांधायचे टोकदार खिळे) त्याच बुटांवर, त्याच दुकानात बसवून बघा. बूट एकीकडून आणि क्रॅम्पॉन दुसरीकडून, मग बेस कॅम्पला दोघांचं जमत नाही, हे वारंवार घडतं.

हातमोजे तीन थरांचे: आत पातळ, मध्ये लोकरी, वर वारा अडवणारे. हार्नेस, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा, फुगीर जाकीट-पॅन्टवरून बसतो का पाहा. चष्मा हिमनदीसाठीचा, चार नंबरच्या श्रेणीचा, बाजूंनी बंद. साध्या गॉगलने बर्फावर डोळे भाजतात. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावायचं असतं, कारण ऊन बर्फावरून उलटंही येतं. पाण्याची नळीवाली पिशवी शिखराच्या रात्री गोठते. रुंद तोंडाच्या बाटल्या घ्या आणि त्या उलट्या ठेवा: बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं.

वर भूक मरते आणि गोड नकोसं होतं. एरवी खाऊ तीच चव न्या. मेतकूट, कोरडी लसणाची चटणी, शेंगदाण्याची चिक्की, खाखरा. गरम भातावर मेतकूट आणि तूप घातलं की दोन घास जास्त जातात, आणि त्या उंचीवर दोन घासांना किंमत असते.

तपासा: बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन आणि काठ्या चेक-इन सामानात. पॉवर बँक हातातल्या सामानात. स्टोव्हचे गॅस कॅनिस्टर विमानात चालत नाहीत. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड घ्या. परदेशातून कोणी सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण दिलं असेल तर घरीच ठेवा. परवान्याशिवाय ते जवळ बाळगलं तर भारतात कारवाई होते.

## टप्पा ६: लेहचे पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी काहीही करायचं नाही. खोलीवर जा, पाणी प्या, जेवा, झोपून राहा. दुपारी बरं वाटू लागतं आणि लोक शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतात. रात्री डोकं धरून बसतात. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो आणि तुम्ही सकाळपर्यंत अंधेरी-दादरच्या हवेत होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात सपाटीवर चाला, तिसऱ्या दिवशी जवळच्या टेकडीवर जाऊन परत या. दारू, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. खार्दुंग ला बघायला गाडीने जाण्याचा मोह मोहीम संपेपर्यंत आवरा.

## टप्पा ७: वाटेत शरीराकडे लक्ष

उंचीवर डोकं दुखलं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. "ऊन लागलं असेल", "चहा मिळाला नाही म्हणून" ही कारणं नंतर. सोबत मळमळ, चक्कर किंवा न शमणारा थकवा असेल तर त्या रात्री आणखी वर जायचं नाही.

निमालिंगच्या जेवणाच्या तंबूत हमखास दिसणारं दृश्य सांगते. सगळे गप्पा मारत असतात, एक जण ताटात चमचा फिरवत बसलेला असतो. "काय रे, जेवत का नाहीस?" "काही नाही, भूक नाहीये. मी ठीक आहे." चांगला गाइड त्या क्षणी त्याला बाहेर काढतो आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगतो. तोल गेला तर हा मेंदूला आलेल्या सुजेचा इशारा असू शकतो. असा माणूस सकाळची वाट न बघता खाली न्यायचा असतो, सोबत माणूस देऊन.

फुप्फुसाचा इशारा वेगळा: बसल्या जागी धाप, सुटत नसलेला खोकला, निळसर ओठ, पुढे गुलाबी फेस. इथेही उपचार तोच, ताबडतोब खाली. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही खाली नेईपर्यंतची मदत आहे. औषधाने बरं वाटलं म्हणून पुन्हा वर जायचं नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून स्पर्धा नको. गार बोटावर आकडा चुकीचा येतो. हात कपड्यांत ऊबदार करा, मग बघा, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

## टप्पा ८: बेस कॅम्पचा सरावाचा दिवस

हा दिवस कोणीतरी "आराम करूया" म्हणून घालवायला निघतं. आराम दुपारी करा, सकाळ दोरासाठी.

हार्नेसचा पट्टा बकलमधून परत मागे वळवून घातला आहे का, हे हात लावून बघा. नव्या बकलमध्ये ते आपोआप होतं, भाड्याच्या जुन्या हार्नेसमध्ये नाही. मग जाडे हातमोजे घालून, डोळे मिटून, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) उघडा, दोर घाला, स्क्रू बंद करा. सलग दहा वेळा. पहाटे तीन वाजता उणे तापमानात तुम्हाला हेच करायचं आहे, आणि हातमोजा काढण्याची सवय लागली तर बोटं जातील.

बांधलेल्या दोरावरचा नियम: खुंटीपाशी, म्हणजे दोर जिथे डोंगराला पक्का केलेला असतो तिथे, पोचल्यावर आधी पुढच्या दोरात कॅराबिनर घाला, मगच मागचा काढा. एक तरी कायम अडकलेला हवा. जुमारची (दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड) खटकी बंद झाल्याचा आवाज ऐका आणि ओढून खात्री करा.

क्रॅम्पॉन घालून पाय किंचित फाकवून चाला. पाय जवळ ठेवले की टोक दुसऱ्या पायाच्या पॅन्टमध्ये अडकतं आणि माणूस तोंडावर आपटतो. कुऱ्हाड चढाच्या बाजूच्या हातात. घसरल्यावर कुऱ्हाडीने स्वतःला थांबवण्याचा सराव खाली सुरक्षित मोकळी जागा असलेल्या उतारावर, गाइडच्या देखरेखीत करा. पाठीवर घसरताना, डोकं खाली असताना, दोन्ही प्रकारे.

## टप्पा ९: शिखराची रात्र

संध्याकाळी लवकर जेवा. सामान अंगावर चढवण्याच्या क्रमाने लावून ठेवा. हेडटॉर्चची बॅटरी, फोन आणि बुटांचे आतले भाग स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. झोप लागली नाही तरी हरकत नाही, पडून राहा.

मध्यरात्रीच्या सुमारास निघायचं कारण बर्फ तेव्हा घट्ट असतो. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. सुरुवातीचा घसारा अंधारात कंटाळवाणा असतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सगळं अंगात घालून निघालात तर अर्ध्या तासात घाम येईल आणि तोच पहाटे गोठेल.

वेग असा ठेवा: पाऊल पुढे, मागचा गुडघा ताठ, वजन क्षणभर त्या सरळ पायावर, श्वास, मग पुढचं पाऊल. तीस पावलं भराभर आणि पाच मिनिटं बसकण, असं केलं तर पहाटेपर्यंत संपाल. दर तासाला दोन घोट पाणी आणि एक घास, भूक नसली तरी.

तपासा, दर थांब्याला: पायाची बोटं हलतात का? कळतात का? दुखणं चालेल, बधिर होणं नाही. बधिर झाल्याचं लगेच गाइडला सांगा.

मागे फिरायची वेळ निघण्याआधीच ठरलेली असते. समजा नऊ. नऊ वाजता माथा दीडशे मीटरवर दिसत असला तरी परत फिरायचं. इथे वाद घालणारा माणूस स्वतःसोबत गाइडचा आणि दोरावरच्या सगळ्यांचा जीव टांगतो. पाच हजार पाचशेच्या वर हवेचा दाब निम्म्याहून कमी असतो, डोकं नीट चालत नाही, म्हणून तर हा निर्णय खालीच घेऊन ठेवायचा.

## टप्पा १०: उतरणं आणि परतणं

माथ्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरेत. उतरताना दोर, कॅराबिनर, खुंटीचा नियम सगळं तेच, फक्त पाय थकलेले आणि मन सैल. क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटले तर कुऱ्हाडीच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून पाडा. सपाट भाग आल्याशिवाय हार्नेस काढू नका.

बोटं पांढरी, कडक झाली असतील तर चोळू नका, शेकोटीला धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता उरली नसेल तेव्हाच, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ऊब आणायची असते. त्यानंतर त्या पायांवर चालणं टाळावं लागतं, म्हणून कुठे आणि कधी हे गाइडला ठरवू द्या.

लेहची सकाळची उड्डाणं हवेमुळे रद्द होतात. विमानाआधीचा मोकळा दिवस त्यासाठीच आहे, त्यावर ऑफिसची मीटिंग लावू नका. मुंबईत परतल्यावर खोकला, धाप किंवा बोटांचा बधिरपणा आठवड्याभरात कमी झाला नाही तर डॉक्टरांकडे जा आणि किती उंचीवर किती दिवस होता, कुठल्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून न्या.